नाकाबंदीत आकडा 30 च्या वर गेला तर: कलम 185 ची केस आणि तिचे परिणाम

ड्रंक अँड ड्राइव्हची केस झाली की पहिला प्रश्न येतो, "दंड किती?" खरं तर विचारायला हवं, "पुढे काय काय होणार?" सिग्नल तोडला किंवा हेल्मेट नव्हतं तर ई-चलान येतं, मोबाइलवरून पैसे भरले की विषय मिटतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 चा, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटवता येत नाही. केस न्यायालयातच जाते. तिथे "गुन्हा कबूल" म्हणून भरलेला दंड म्हणजे फौजदारी दोषसिद्धी असते, आणि ही गोष्ट लोकांच्या फार उशिरा लक्षात येते.

शिक्षा अशी: पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. कार, स्कूटर, रिक्षा, ट्रॅक्टर सगळ्यांना नियम एकच. गाडी चालवण्याचा नुसता प्रयत्नही याच कलमात येतो.

30 म्हणजे किती दारू?

मर्यादा आहे 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. साधारण 70 किलोच्या पुरुषाचा ढोबळ हिशेब पाहा. 42.8 टक्के अल्कोहोलच्या व्हिस्कीचा 60 मिलीचा एक लार्ज पेग म्हणजे सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. तो भरभर प्यायला तर आकडा 40 च्या आसपास जातो. म्हणजे एकाच पेगमध्ये मर्यादा ओलांडली. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली 85 च्या घरात नेते. वजन कमी असेल तर तेवढ्याच दारूत आकडा आणखी चढतो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तिचाही आकडा जास्त येतो. पोटभर जेवण असेल तर तो हळू चढतो, पण त्यावर गाडी काढण्याचा निर्णय घेऊ नये.

उतरण्याचा वेग तासाला साधारण 15 मिलिग्रॅम. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी तो वाढत नाही. रात्री एक वाजता रक्तात 130 असेल तर सकाळी सातला अजून 40 उरतं. झोप झाली, डोकं हलकं वाटतंय, तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही प्यायलेलेच असता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढणारे इथेच फसतात.

नाक्यावर

गणवेशातला पोलीस श्वासातलं अल्कोहोल मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला सांगू शकतो. शेवटचा घोट नुकताच घेतला असेल किंवा माउथवॉश वापरला असेल, तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो. तसं शांतपणे सांगा आणि 15 मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करा. पावतीवर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा आहे ना, ते पाहा आणि तिचा फोटो काढा.

फुंकायला नकार देऊन काही साधत नाही. दारूचा वाजवी संशय असेल तर नकारावर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि सबळ कारण नसेल तर कलम 205 प्रमाणे तो नकार तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो. मात्र नुसता तोंडाला वास येतो म्हणून दारूची 185 ची केस सिद्ध होत नाही, चाचणीतला आकडा लागतो.

अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. म्हणून अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ दोन्ही लिहून ठेवा. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसलेली नसावी आणि नमुना सोडियम फ्लोराइड असलेल्या बाटलीत जायला हवा, कारण त्याशिवाय रक्त आंबून त्यातच अल्कोहोल तयार होऊ शकतं. हा गुन्हा जामीनपात्र आहे. अटकेचं कारण कळणं आणि नातेवाइकाला कळवलं जाणं हा तुमचा हक्क आहे.

गाडी घरी न्यायला न प्यायलेला, लायसन्स असलेला माणूस बोलवा. लायसन्स जप्त होऊन आरटीओकडे जातं, त्याची पोच घ्या. आरटीओची नोटीस आली की मुदतीत लेखी उत्तर द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने अशा प्रकरणात किमान 3 महिने निलंबन करायला सांगितलं आहे. निलंबनाच्या काळात गाडी चालवणं हा वेगळा गुन्हा आहे.

न्यायालयात

तारीख चुकवू नका, वॉरंट निघतं. घाईने कबुली देण्याआधी वकिलाला पावती, यंत्राच्या कॅलिब्रेशनचा (ते अचूक मोजतं हे तपासल्याचा) दाखला आणि वैद्यकीय कागद तपासू द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना आणि कोठडीतल्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मदत मिळते.

अपघात झाला असेल तर

इथे चित्रच बदलतं. 185 सोबत भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात: बेदरकार चालवल्याबद्दल 281, इजा झाल्यास 125, मृत्यू झाल्यास 106(1), ज्यात 5 वर्षांपर्यंत कैद आहे. पण पिऊन गाडी घातल्यास माणूस मरू शकतो याची जाणीव होती, असं परिस्थितीवरून दिसलं तर सदोष मनुष्यवधाचं कलम 105 लागतं. ते अजामीनपात्र आहे, शिक्षा 10 वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. 2006 मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर गाडीखाली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 304 च्या दुसऱ्या भागाखालची दोषसिद्धी कायम ठेवली होती.

अपघातानंतर पळू नका. जखमीला रुग्णालयात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी पिऊन चालवल्याच्या कारणावरून नाकारू शकते. गाडी चालवणारा मुलगा अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. प्यायलेल्या माणसाच्या हाती किल्ली देणाऱ्यावर चिथावणी किंवा साहाय्याबद्दल त्याच कायद्याचं कलम 188 लागू शकतं.

नंतरचे कागद

सरकारी नोकरीच्या साक्षांकन फॉर्ममध्ये केस लपवली तर मूळ गुन्ह्यापेक्षा लपवणंच महागात पडतं. खटला चालू असेल तर पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी लागू शकते. परदेशात शिकायला जाणाऱ्यांनी हे विशेष पाहावं: कॅनडाने डिसेंबर 2018 पासून नशेत गाडी चालवणं गंभीर गुन्ह्यांत धरलं आहे आणि भारतातली दोषसिद्धीही प्रवेशाच्या आड येऊ शकते. अमेरिकेचा दूतावास अशा अटकेवरून दिलेला व्हिसाही रद्द करू शकतो. निकाल लागला की त्याची प्रमाणित प्रत आणि दंडाची पावती घेऊन ठेवा. व्हिसाच्या फॉर्मला तीच जोडावी लागते, आणि काही वर्षांनी जुनी फाइल शोधून प्रत मिळवायला खूप खेपा घालाव्या लागतात.