गूगलवरचा रिव्ह्यू बदलण्याआधी किंवा काढण्याआधी

सगळ्यात आधी, काहीही दाबण्याआधी, जुना रिव्ह्यू उतरवून ठेवा. तुमचा मजकूर, तुम्ही दिलेले स्टार आणि त्याखालचं मालकाचं उत्तर. बाकीची तयारी नंतर वाचलीत तरी चालेल, पण हे केल्याशिवाय रिव्ह्यूपुढच्या तीन ठिपक्यांवर (एडिट आणि डिलीट तिथेच असतात) बोट ठेवू नका.

मी काहीही न उतरवता बोट ठेवलं. नाशिकहून पुण्याला सामान हलवताना आईच्या सागवानी कपाटाचा आरसा फुटला आणि एक दार बिजागरीतून निखळलं. सामान नेणाऱ्यांना मी एक स्टार दिला आणि काय झालं ते सविस्तर लिहिलं. दोन दिवसांनी त्याखाली मालकाचं उत्तर आलं: कपाट आमच्या माणसांच्या हातून पडलं, दिलगीर आहोत, आठ दिवसांत दुरुस्तीचा खर्च देतो. चूक मान्य केल्याचा तेवढाच लेखी कागद माझ्याकडे होता, आणि तो कागद आहे हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताई, तेवढा रिव्ह्यू काढा, संध्याकाळी पैसे टाकतो." मी फोन ठेवला आणि रिव्ह्यू काढला. संध्याकाळ गेली, महिना गेला, फोन उचलणं बंद झालं. ग्राहक आयोगात तक्रार करायची म्हणून वकिलांकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिलंच विचारलं, "ते उत्तर कुठे आहे?" रिव्ह्यू काढला की मालकाचं उत्तरही त्याच्याबरोबर जातं. नवा रिव्ह्यू लिहिता येतो, पण ते जुनं उत्तर परत येत नाही.

म्हणून उतरवून ठेवा. तेही नीट. लांब रिव्ह्यू गूगल अर्धाच दाखवतं आणि पुढे 'मोर' असं येतं. आधी ते दाबून पूर्ण मजकूर उघडा, मालकाचं उत्तरही तसंच उघडा, आणि मग स्क्रीनशॉट घ्या. एका स्क्रीनवर मावत नसेल तर दोन-तीन घ्या, पण प्रत्येकात आधीच्याची शेवटची ओळ आली पाहिजे, म्हणजे सलग आहे हे कळतं. दुकानाचं किंवा कंपनीचं नाव दिसतंय का ते पाहा. तारखेचं विशेष लक्षात ठेवा. गूगल तिथे नेमकी तारीख दाखवत नाही, 'दोन महिन्यांपूर्वी' असं काहीतरी दाखवतं. सहा महिन्यांनी त्या स्क्रीनशॉटवरून कुणालाच काही कळणार नाही. तेव्हा रिव्ह्यू कधी लिहिला, उत्तर कधी वाचलं आणि स्क्रीनशॉट कधी घेतला हे त्याच दिवशी वहीत लिहा. तुमचा मजकूर कॉपी करून स्वतःलाच मेल करून ठेवा. 'गूगल टेकआउट' (आपली गूगलवरची माहिती उतरवून घ्यायची गूगलचीच सोय) मधून तुमचे सगळे रिव्ह्यू तारखांसकट उतरवता येतात, तेही करा. पण त्यावर विसंबून मालकाच्या उत्तराचा स्क्रीनशॉट टाळू नका. मालकाने उत्तर दिल्याचा गूगलचा मेल आला असेल तर तो पुसू नका. कॉम्प्युटर असेल तर त्या पानावर 'प्रिंट' दाबून ते पीडीएफ म्हणून जतन करून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. माझी ती दहा मिनिटं कपाटाच्या दुरुस्तीच्या साडेआठ हजारांना पडली.

आता कुठल्या खात्यावरून लिहिलं होतं ते आठवा. ऑफिसचा जीमेल वेगळा, घरचा वेगळा, फोनवर तिसराच चालू असतो. ज्या खात्यावरून लिहिलं त्यावरूनच बदलता येतं. गूगल मॅप्समध्ये स्वतःच्या प्रोफाइलवर जा, तिथे तुमचे रिव्ह्यू दिसतात, पुढे तीन ठिपके, त्यात एडिट आणि डिलीट. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. मालकाला तुमचा रिव्ह्यू काढता येत नाही, तो फार तर गूगलकडे तक्रार करू शकतो. "तुम्ही नाही काढलात तर आम्ही काढू" असं कुणी फोनवर म्हटलं तर घाबरू नका.

बदलायचा की काढायचा हे शांतपणे ठरवा, फोन चालू असताना नाही. तुमच्याच हातून चूक झाली असेल, म्हणजे दुसऱ्याच शाखेला स्टार गेले किंवा रागात न घडलेलं लिहिलं गेलं, तर काढा आणि लवकर काढा. खोटा मजकूर बदनामीच्या तक्रारीपर्यंत जाऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम 356 आहे. (तेव्हाही काढण्याआधी उतरवून ठेवा. आपण काय लिहिलं होतं हे आपल्याकडे असलंच पाहिजे.) पण जे लिहिलं ते खरं असेल आणि नंतर समोरच्याने भरपाई दिली असेल, तर काढू नका, बदला. एका खात्यावरून एका ठिकाणाला एकच रिव्ह्यू राहतो आणि एडिट केलं की नवा मजकूर जुन्याची जागा घेतो. लोकांना जुना दिसत नाही. म्हणून जुन्या ओळी तशाच ठेवा आणि खाली तारीख टाकून लिहा: अमुक दिवशी पैसे मिळाले, दुरुस्ती झाली. वाटलं तर स्टार वाढवा. पुढच्या माणसाला दोन्ही कळलं पाहिजे, नुकसान झालं हेही आणि त्यांनी निस्तरलं हेही. मला हे मनापासून वाटतं. चूक सुधारणाऱ्या माणसाची नोंद राहायला हवी, आणि रिव्ह्यू पुसला तर तीही पुसली जाते.

'आधी रिव्ह्यू काढा, मग पैसे' हा सौदा करू नका. भरपाई हा तुमचा हक्क आहे, तिचा रिव्ह्यूशी संबंध नाही. पैसे, सूट किंवा फुकट सेवा देऊन वाईट रिव्ह्यू बदलायला वा काढायला लावणं गूगलच्या नियमांतही बसत नाही. कबूल केलेलं फोनवर ऐकून सोडू नका. "तुम्ही म्हणालात तसं व्हॉट्सअॅपवर लिहा" एवढंच म्हणा. लिहायला तयार नसेल तर उत्तर मिळालं असं समजा. पैसे टाकले म्हणून त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नका, स्वतःच्या खात्यात जमा झालेले बघा. फोनवर दमदाटी झाली तर दिवस, वेळ आणि नंबर लिहून ठेवा.

तक्रार करायची थोडी जरी शक्यता असेल तर रिव्ह्यूला हातच लावू नका. जिल्हा ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. म्हणजे घाई नाही. कशाला घाई करायची? मी केली ती केवळ समोरचा माणूस "ताई, ताई" म्हणत होता म्हणून. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. आणि रिव्ह्यू, उत्तर, तारखा उतरवलेल्या असू द्या. हे मी पुन्हा सांगतेय, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण "हो, करू" म्हणून पुढे जाणार आहेत.

एवढं झालं की मग एडिट दाबा. नवा मजकूर आधी बाहेर लिहून वाचा, नंतर चिकटवा. जुने स्टार चुकून बदलले नाहीत ना ते पाहा. फोटोंचा विभाग वेगळा असतो, तिथेही डोकवा. फुटलेल्या आरशाचे फोटो गूगलवर असोत नसोत, मूळ फोटो फोनमध्ये आणि आणखी एका ठिकाणी हवेत. कुणाचा मोबाइल नंबर किंवा हमालाचं नाव मजकुरात असेल तर काढून टाका. पोस्ट केल्यावर लगेच दिसलं नाही तर परत परत टाकू नका, कधी वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी घरातल्या कुणाच्या तरी फोनवरून उघडून पाहा. मालकाचं जुनं उत्तर खाली तसंच असेल, पण त्याला ते बदलता येतं. म्हणून नव्या मजकुराचाही स्क्रीनशॉट घ्या, उत्तर पूर्ण उघडून, आणि तारीख वहीत.