जुने फोटो आणि अडगळीतल्या वस्तूंमधून स्वतःचं प्रदर्शन कसं उभं करायचं

जुनी वस्तू जुनी आहे म्हणून भिंतीवर टांगली की लोक येऊन "अगंबाई, आमच्याकडे पण होता असा डबा" म्हणतात, फोटो काढतात आणि जातात. वाईट काही नाही त्यात, पण ते प्रदर्शन नाही. प्रदर्शन करायचं तर त्या वस्तूला तुम्ही काहीतरी करायला हवं, आणि जे केलं ते बघणाऱ्याला कळायला हवं. हे सगळं घरबसल्या जमतं, आर्ट स्कूलची डिग्री लागत नाही, चिकाटी मात्र लागते. मी बडोद्यातली असल्याने उदाहरणं इथलीच देते.

माल कुठून आणायचा

आधी स्वतःच्या घरचा माळा. बडोद्यातल्या मराठी घरात एखादी ट्रंक असतेच, त्यात लग्नाचे ग्रुप फोटो, गायकवाडी पगडीतले पणजोबा, शाळेची सर्टिफिकेटं, रेशनकार्डं, एखादी बिनकाचेची फ्रेम. मग पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला, त्याला सांगून ठेवा की अल्बम, वह्या, कॅलेंडरं आली तर बाजूला काढ, दोन पैसे जास्त देते. मग जुन्या बाजारात फेरी, सकाळी लवकर, कारण दुपारपर्यंत चांगलं सगळं डीलर लोक उचलतात. आणि बंद पडत आलेले फोटो स्टुडिओ, तिथे निगेटिव्हचे गठ्ठे असतात आणि मालकाला त्यांचं काय करायचं कळत नसतं, शांतपणे चहा पीत बोललात तर बघायला तरी देतात.

घेताना फोटोची मागची बाजू बघा, हे बहुतेक लोक विसरतात. मागे स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने टाकलेला नंबर, कोणीतरी मोडीत किंवा गुजरातीत लिहिलेलं नाव असतं, आणि पुष्कळदा पुढच्या चेहऱ्यांपेक्षा तेच जास्त बोलतं. मागची बाजू पण स्कॅन करायची. कुठून मिळालं, कोणी दिलं, कितीला घेतलं हे त्याच दिवशी वहीत लिहा, नंतर आठवत नाही.

दोन गोष्टींना हात लावू नका. हस्तिदंताची खेळणी, फण्या, डब्या प्रदर्शनात ठेवायच्या नाहीत, विकायच्या तर अजिबात नाहीत, वन्यजीव कायदा आहे 1972 चा. दुसरं, शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती वगैरे आणि 75 वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुरावस्तू कायद्यात येऊ शकतात. अशी वस्तू हाती लागली तर कापाकापी नको, आधी जाणकाराला दाखवा.

साफ करणं म्हणजे घासणं नव्हे

फोटोवर पाणी नाही, कोलीन नाही, ओला फडका पण नाही. मऊ ब्रश, कोरडा, मधून कडेकडे. अल्बमच्या चिकट पानावर बसलेला फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा फ्लॉस फोटोच्या खालून करवतीसारखा हळूहळू सरकवा, सुटतो. नाही सुटला तर पानासकट स्कॅन करा. काचेची निगेटिव्ह फक्त कडेने धरायची. आणि फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला तर तो डबा बाकीच्यांपासून लांब ठेवा, फिल्म सडायला लागलीय आणि शेजारच्यांनाही बिघडवते.

पितळेचं तसंच. चिंच, पितांबरी लावून चकाचक केलंत की वस्तूच्या अंगावरचा सगळा काळ निघून जातो, मग नवीन दुकानातून आणली तरी काय फरक? धूळ झटका, कोरड्या सुती कापडाने पुसा, बस.

स्कॅन

मूळ फोटो कधीच कापायचा नाही. सगळं काम स्कॅनवर. 4 बाय 6 इंचाचा फोटो 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला तर चांगल्या क्वालिटीत 8 बाय 12 इंचाची प्रिंट निघते, त्याहून मोठी हवी तर 1200 ला करा. स्कॅनरचं ऑटो करेक्शन बंद ठेवा, नाहीतर ते मशीन पिवळटपणा, ओरखडे सगळं आपल्या अकलेने पुसून टाकतं. फाइल टिफ या फॉरमॅटमध्ये ठेवा, व्हॉट्सअपवरून पाठवलेली जेपेग चालणार नाही.

आता खरं काम, एकच क्रिया ठरवा

इथे लोक घसरतात. फोटोवर थोडं सोनेरी रंग, थोडी फुलं, थोडं गुजरातीत काहीतरी लिहिलेलं, वर जुनी चावी चिकटवलेली. सगळं आहे आणि काहीच नाही. माझं म्हणणं असं की एका प्रदर्शनात एकच क्रिया धरा आणि शेवटपर्यंत तीच चालवा. कापणं, झाकणं, मोठं करणं, पुन्हापुन्हा छापणं, दोन वेगळ्या गोष्टी जोडणं, यातली एक. मग दहा कामं बघून माणसाच्या लक्षात येतं की ही बाई काय विचारतेय.

आपल्या गावातच याचे दाखले आहेत. चित्रकार भूपेन खख्खर व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, 1962 च्या सुमारास बडोद्यात आले आणि सुरुवातीच्या काळात बाजारात मिळणारी देवादिकांची चित्रं कापून कोलाज करायचे, म्हणजे घराघरात लागलेलं चित्र उचलायचं आणि त्याची जागा बदलायची. चित्रकार विवान सुंदरम यांनी, तेही बडोद्याच्या फाइन आर्ट्सचे, 2001 च्या सुमारास आपले आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे फोटो कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळले, वेगवेगळ्या काळातली माणसं एका खोलीत आणून बसवली, आणि त्यात मावशी म्हणजे चित्रकार अमृता शेरगिल. क्रिया एकच, जोडणं. पिकासोने 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्यातही तेवढंच, आणि गंमत अशी की बैल दिसतो तरी सीट सीटच राहते. तो दुहेरीपणा टिकला पाहिजे. वस्तू ओळखूच आली नाही तर जुनी वस्तू वापरली कशाला?

एक काम करून बघू. समजा तुमच्याकडे स्टुडिओतले बायकांचे ग्रुप फोटो आहेत आणि एक पितळी मिसळणाचा डबा, सात वाट्यांचा. त्या फोटोंमध्ये चेहरे सगळे एकसारखे गंभीर, कारण हलू नका असं सांगितलेलं, पण हात बघा. एकीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलंय, एकीचा हात खुर्चीच्या पाठीवर, एकीने बाळाचा दंड पकडलाय आणि ते बाळ हललंय म्हणून तिथे नुसता पांढुरका डाग. फक्त हात कापून घ्यायचे, सात हात, सात वाट्यांमध्ये एकेक. वाटीच्या तळाचा व्यास मोजा, त्यापेक्षा 2 मिलिमीटर लहान गोल प्रिंट कापा. पितळेवर थेट चिकटवू नका, ओल्या खळीने पितळ हिरवं पडतं आणि तो डाग कागदातून वर येतो, म्हणून मध्ये ॲसिडफ्री माउंटबोर्डचा, म्हणजे आम्ल नसलेल्या जाड पुठ्ठ्याचा, गोल द्या. डिंक, ग्लू स्टिक, डबल टेप नको, वर्षा दोन वर्षात पिवळे पडतात किंवा सुटतात. मैद्याची किंवा गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, ती पुढे कधी काढायची झाली तर पाण्याने सुटतेही. बोर्डावर प्रिंट चिकटवली की वजनाखाली पूर्ण वाळू द्या आणि मगच वाटीत ठेवा. डब्याचं झाकण शेजारी उघडं ठेवा. तेवढंच. आत हळदीची चिमूट टाकायचा मोह होईल, नको.

परवानगी

फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याकडे असतो, पैसे देऊन काढवून घेतला असेल तर वेगळं काही ठरलं नसल्यास काढवून घेणाऱ्याकडे, आणि आपल्याकडे तो फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, ज्याच्या हातात फोटो आहे तो मालक असेलच असं नाही. स्टुडिओवाल्याकडून निगेटिव्ह घेतली तर साध्या कागदावर लिहून घ्या की प्रदर्शनासाठी वापरायला हरकत नाही. निर्धास्त मटेरियल हवं असेल तर राजा रविवर्मांची जुनी छापील चित्रं घ्या, ते 1906 मध्ये गेले.

कायद्यापलीकडचं एक. बडोद्यातली मराठी वस्ती काही फार मोठी नाही, डांडिया बाजार, रावपुरा, त्यांची नातीगोती. अनोळखी म्हणून टांगलेली बाई कोणाची तरी आजी निघणारच. म्हणून चेष्टा होईल असं काही चेहऱ्याला करू नका, आणि गॅलरीत एका टेबलावर पेन्सिल आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा, ओळखलं तर नाव लिहून जा म्हणावं. येणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींना हे फार आवडतं, आणि तुमची वही भरते.

जागा, तारीख, टांगणं

गॅलरी भाड्याने मिळतात, शाळेचा हॉल चालतो, वाड्यातला दिवाणखाना तर उत्तमच. फक्त भिंतीला ओल आहे का ते हात लावून बघा. तारीख ठरवताना नवरात्र सोडा, त्या नऊ रात्री गरब्याशिवाय बडोद्यात कोणी कुठे जात नाही. 14, 15 जानेवारीला सगळं गाव गच्चीवर पतंग उडवत असतं. पावसाळ्यात कागद फुगतो. डिसेंबर बरा, हवा कोरडी आणि परदेशातले पाहुणे पण आलेले असतात.

टांगण्याआधी सगळं जमिनीवर मांडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या, क्रम बदलत राहतो. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर, सगळ्यांचा तोच, फ्रेमची वरची कड नाही. दोन कामांमध्ये मोकळी भिंत सोडा, पैसे वसूल करायला सगळं लावू नका. मूळ जुने फोटो ठेवणार असाल तर त्यांच्यावर उजेड मंद, खिडकीचं ऊन कधीच नाही. लेबलवर नाव, साल, मटेरियल, फोटो कुठून आला एवढंच, तुम्हाला काय वाटलं ते लिहू नका.

विकायचं असेल तर मूळ फोटो विकू नका, प्रिंट विका. आधीच ठरवा किती काढणार, समजा 10, प्रत्येकीवर खाली पेन्सिलने 1/10, 2/10 असं आणि सही. दहा संपल्या की अकरावी काढायची नाही, मग मामेसासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी.