फर्मवेअर बदललं आणि ट्रंक बसला? या चुका टाळा

नेटवर्क स्विचचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपग्रेड झालं, लिंकचा दिवा हिरवा आहे, तरी वरच्या मजल्यावरचे फोन रजिस्टर होत नाहीत. अशा वेळी मला येणाऱ्या कॉलचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, नव्या फर्मवेअरमध्ये बग आहे." बग असतातही. पण मी पाहिलेल्या बहुतेक केसेसमध्ये घोळ माणसाने घातलेला होता. तेव्हा लगेच जुनं फर्मवेअर परत टाकायला धावू नका.

ट्रंक म्हणजे दोन स्विचना जोडणारी, अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) वाहून नेणारी लिंक. कोणते व्हीलॅन जाऊ द्यायचे ते तिच्या 'अलाउड' यादीत असतं. इथे सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'ॲड' विसरणं. सिस्कोच्या स्विचवर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' मारलं की यादीत ३० वाढत नाही. आधीची यादी पुसली जाऊन एकटा ३० उरतो. वाढवायचा असेल तर 'अलाउड व्हीलॅन ॲड ३०'.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका ऑफिसात शनिवारी रात्री अपग्रेड झालं. सकाळी फोन बंद (त्यांचा व्हीलॅन ३०), म्हणून तिथल्या मुलाने बदलापूरहून, घरूनच व्हीपीएन लावून 'ॲड'शिवाय ती कमांड मारली. मॅनेजमेंटचा, म्हणजे स्विचवर लांबून लॉगिन करायचा, व्हीलॅन त्याच ट्रंकवरून जात होता. एंटर दाबताच त्याचं सेशन गोठलं. मजल्यावरचे कॉम्प्युटर, कॅमेरे, वायफाय सगळं गेलं. त्यात रविवारचा मेगाब्लॉक. कन्सोल केबल (लॅपटॉप स्विचला थेट जोडायची) घेऊन तो अंधेरीला पोचेपर्यंत दुपार झाली. कमांड सेव्ह केलेली नव्हती, म्हणजे स्विच नुसता बंद-चालू केला असता तरी जुनी यादी परत आली असती. पण रॅकच्या खोलीला कुलूप, आणि चावी ॲडमिनच्या माणसाकडे विरारला.

लांबून ट्रंकला हात लावण्याआधी मी कॉन्फिग सेव्ह करतो आणि 'रीलोड इन १०' देतो. कनेक्शन तुटलं तर १० मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेला बदल जातो. सगळं नीट चाललं तर 'रीलोड कॅन्सल', मगच सेव्ह. "घरून दोन मिनिटांत करतो" म्हणणाऱ्यांना एवढाही धीर नसतो, याचा मला खरोखर त्रास होतो.

बरं, त्या ऑफिसातलं मूळ दुखणं त्या स्विचवर नव्हतंच. मधल्या स्विचवर नव्या इमेजला (फर्मवेअरच्या फाइलीला) जागा करायला कोणीतरी फ्लॅश, म्हणजे स्विचची साठवण, साफ केली होती, आणि 'व्हीलॅन डॉट डॅट' फाइलही उडाली होती. व्हीटीपी (स्विचांमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारी सिस्कोची पद्धत) सर्व्हर मोडमध्ये असेल तर व्हीलॅन याच फाइलीत राहतात, रनिंग कॉन्फिगमध्ये दिसत नाहीत. त्यामुळे कॉन्फिगचा बॅकअप जसाच्या तसा परत टाकूनही ते आले नाहीत. बाकीचे व्हीलॅन आठवून हाताने बनवले गेले. ३० राहिला, कारण त्या स्विचवर ३० चा एकही ॲक्सेस पोर्ट (फोन-कॉम्प्युटर जोडायचा) नव्हता.

हे पकडायला 'शो इंटरफेसेस ट्रंक' पुरतं, पण शेवटपर्यंत वाचलं तर. त्यात चार भाग असतात. नवी मुलं दुसऱ्या भागात, म्हणजे अलाउड यादीत, ३० दिसला की थांबतात. तिसरा भाग बघा: अलाउड आणि ॲक्टिव्ह. तिथे ३० नसेल तर आधी त्या स्विचवर व्हीलॅन बनलाय का ते तपासा. तिसऱ्यात आहे आणि चौथ्यात नाही, तर स्पॅनिंग ट्री (लूप टाळायला लिंक अडवणारा प्रोटोकॉल) किंवा प्रूनिंग (नको असलेले व्हीलॅन ट्रंकवरून आपोआप काढणं) तपासा. आणि हे ट्रंकच्या दोन्ही टोकांना करा.

दोन्ही टोकांना 'डायनॅमिक ऑटो' (समोरच्याने विचारलं तरच ट्रंक बनणारा मोड) असेल तर ट्रंक बनतच नाही. मी 'मोड ट्रंक' हातानेच लिहितो.

नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर टॅगशिवाय जाणारा) दोन्हीकडे एकच हवा. दोन्हीकडे सिस्को असेल तर सीडीपी (शेजारचं उपकरण ओळखणारा सिस्कोचा प्रोटोकॉल) लॉगमध्ये मिसमॅच सांगतो. दुसऱ्या कंपनीच्या स्विचशी जोडलं असेल तर त्या इशाऱ्यावर विसंबू नका.

अपग्रेडच्या आधी 'शो रन', 'शो व्हीलॅन ब्रीफ' आणि 'शो इंटरफेसेस ट्रंक' टेक्स्ट फाइलमध्ये घेऊन ठेवा, नंतर तेच पुन्हा घ्या आणि ओळीला ओळ लावून बघा. रीबूट होताना कन्सोल लावून लॉगिंग चालू ठेवा. नव्या आवृत्तीला न पटलेली कॉन्फिगची ओळ बूट होताना 'इनव्हॅलिड इनपुट' दाखवून सरकून जाते, आणि नंतर एसएसएचने (लांबून लॉगिन करून) शिरलात तर ती दिसत नाही.