चेहऱ्यावरची गाठ काढण्यापूर्वी

चेहऱ्यावरचा तीळ, चामखीळ किंवा बरी न होणारी बारीक गाठ काढताना बहुधा तेवढाच भाग बधिर करतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. म्हणूनच की काय, तयारीची चालढकल होते. तारीख ठरवतानाच पुढचे दोन आठवडे डोळ्यांसमोर आणावेत, कारण चेहऱ्यावरचे टाके साधारणपणे 5 ते 7 दिवसांनी काढतात आणि त्यात घरचे लग्न आले तर प्रत्येक फोटोत पट्टी दिसते.

औषधांच्या बाबतीत मात्र जराही ढिलाई नको. "एक पांढरी, एक गुलाबी" एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधांमुळे रक्तस्राव थोडा वाढू शकतो हे खरे, पण कुणाच्या तरी सांगण्यावरून ती परस्पर बंद केल्यास हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची भीती असते, आणि ती त्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठी आहे. लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे हेही सांगावे. लोक यांना औषधात धरत नाहीत. पेसमेकर असल्यास न विचारताही सांगावे, कारण रक्त थांबवायला वापरतात ती कॉटरी विजेवर चालते आणि तिचा पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. पूर्वी दात काढताना बधिरतेच्या इंजेक्शनाने त्रास झाला असेल किंवा कान टोचल्यावर वण फुगला असेल, तर तेही सांगावे.

आधी बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा बारीक तुकडा काढणे, झाली असेल तर ती जागा भरून येते आणि नेमकी कोठे होती हे रुग्णालाही सांगता येत नाही. म्हणून बायोप्सीच्या आधीच, दिवसाच्या उजेडात, नाक आणि कान दिसतील असा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

त्या दिवशी पावडर, क्रीम, काजळ लावू नये, चमकी आणि मंगळसूत्र घरीच ठेवावे, पुढून बटणे असलेला सदरा घालावा म्हणजे काढताना पट्टीला धक्का लागत नाही. उपाशी राहावे की नाही, हे आधीच विचारावे. फक्त जागा बधिर करणार असतील तर सहसा हलका नाश्ता चालतो. पापणीजवळची गाठ असेल तर सोबत कोणीतरी हवेच, कारण पट्टीने डोळा झाकला जाऊ शकतो. दुचाकीने परत येण्याचा बेत करू नये. हेल्मेट नेमके टाक्यांवर घासते.

काढलेला तुकडा तपासणीसाठी पाठवणार का आणि अहवाल कोणत्या दिवशी मिळेल, हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारून लिहून घ्यावे.