अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला व्हॉइसमेल ठेवताना

आपल्याकडे मिस्ड कॉल दिसला की काम भागतं. पुण्या-मुंबईहून रात्रपाळीत अमेरिकेला फोन लावणाऱ्यांचे कॉल मात्र एकामागून एक बीपवर जाऊन अडतात. तिथे व्हॉइसमेल, म्हणजे फोन न उचलल्यास बीपनंतर रेकॉर्ड होणारा निरोप, ऐकण्याआधी वाचला जातो. आयओएस १७ आल्यापासून (२०२३) अमेरिकेतल्या आयफोनवर तुम्ही बोलत असतानाच तुमचे शब्द स्क्रीनवर उमटतात आणि समोरचा मध्येच फोन उचलू शकतो. त्यामुळे सुरुवातीच्या आठ-दहा शब्दांत तुमचं नाव, कंपनी आणि 'हाऊ आर यू टुडे' आलं, तर तो मेसेज तिथेच मेला. मशीनला ख्यालीखुशाली विचारून करायचंय काय?

पहिल्या व्हॉइसमेलकडून विक्रीची अपेक्षा ठेवू नका, समोरून परत फोन येण्याचीही नको. व्हॉइसमेलच्या जोडीने पाठवलेला तुमचा ईमेल उघडला गेला, की त्याचं काम झालं.

डायल करण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: समोरच्याचं नाव, आजच फोन करण्याचं कारण आणि ईमेलचा विषय. अख्खी स्क्रिप्ट समोर ठेवू नका, वाचतोय हे आवाजात लगेच कळतं. बीपआधी वाजणारं रेकॉर्ड केलेलं ग्रीटिंग मात्र पूर्ण ऐका. नावाचा खरा उच्चार तिथेच मिळतो, रजेवर असेल तर परतण्याची तारीखही मिळते. बीपनंतर अर्धा सेकंद थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. नेमका तोच मोलाचा असतो.

वीस ते पंचवीस सेकंद, म्हणजे पन्नास-साठ शब्द. नमुना असा:

"हाय डेव्हिड, कॉलिंग अबाउट युअर न्यू वेअरहाऊस इन कोलंबस. टीम्स ओपनिंग अ सेकंड साइट ऑफन एंड अप काउंटिंग स्टॉक ट्वाइस. आय सेंट यू वन आयडिया ऑन दॅट, सब्जेक्ट लाइन 'कोलंबस स्टॉक'. धिस इज वैभव, व्ही ॲज इन व्हिक्टर." पुढे कंपनीचं नाव, नंबर आणि शेवटी "आय विल ट्राय यू अगेन थर्सडे मॉर्निंग."

कारण आधी, नाव नंतर. ईमेल मात्र फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत गेलाच पाहिजे, आणि विषय शब्दशः तोच. दुसऱ्या दिवशी पाठवलात तर 'कोलंबस स्टॉक' कुणाच्या लक्षात राहणार?

आपली माणसं सर्वांत जास्त अडखळतात ती उच्चारात, आणि त्यात ॲक्सेंटचा दोष फार थोडा. मराठीत व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना 'व'च, त्यामुळे नुसतं 'व्ही' म्हटलं तर तिकडे 'डब्ल्यू' लिहिलं जाऊ शकतं. स्पेलिंग सांगताना 'व्हिक्टर', 'व्हिस्की' जोडाच. फोन नंबरात 'डबल फाइव्ह', 'ट्रिपल टू' नको, तिकडे एकेक आकडा सुटा सांगतात. दहा आकडे ३-३-४ असे तोडा आणि प्रत्येक तुकड्यानंतर श्वास घ्या. 'थर्टीन' आणि 'थर्टी'चा गोंधळ टाळायचा तर 'वन थ्री', 'थ्री झिरो' म्हणा. 'मायसेल्फ वैभव' तर नकोच.

बोलताना चुकलात तर 'सॉरी, सॉरी' करत पुढे रेटू नका. बऱ्याच ऑफिस सिस्टिमवर पाउंडची कळ, म्हणजे आपलं हॅश, दाबली की पुन्हा रेकॉर्ड करण्याचा पर्याय मिळतो. सगळीकडे मिळेलच असं नाही.

एका माणसाला दोन आठवड्यांत तीन व्हॉइसमेल पुरे, आणि तिन्हींत कारण वेगळं. बाकीच्या प्रयत्नांत बीप आली की मुकाट फोन ठेवा. कोणता मेसेज कधी ठेवला हे सीआरएममध्ये (गिऱ्हाइकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) लिहा, नाहीतर तोच मेसेज पुन्हा जातो. 'जस्ट चेकिंग इन' हे कारण नव्हे. कधी बोलणंच झालं नसताना 'ॲज वी डिस्कस्ड' म्हणणं तर सरळ खोटं.

घंटी न वाजवता थेट व्हॉइसमेलमध्ये टाकायचे रेडीमेड मेसेज मोहात पाडतात, पण मोबाइल नंबरांवर ते संमतीशिवाय चालत नाहीत. अमेरिकेच्या एफसीसीने (दूरसंचार नियामक) २०२२ मध्ये त्यांना 'कॉल'च ठरवलं. २०२४ मध्ये एआयने बनवलेला आवाजही कृत्रिम आवाजाच्या नियमांत आणला. कंपनीच्या कंप्लायन्सला, म्हणजे नियमपालन पाहणाऱ्या विभागाला, न विचारता असलं टूल चालू करू नका.

आता घड्याळ. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, आणि त्या आठवड्यात हमखास कुणीतरी तासभर चुकतं. कॅलिफोर्नियातल्या माणसाने दुपारी चारला उलट फोन केला, तर इथे पहाटेचे साडेचार किंवा साडेपाच वाजलेले असतात आणि तुम्ही झोपेत. म्हणून 'कॉल मी बॅक'ऐवजी आपण पुन्हा कधी करणार ते सांगायचं. दिलेल्या नंबरावर तुमचं स्वतःचं ग्रीटिंग हवं आणि मेलबॉक्स भरलेला नसावा, हे शिफ्ट संपवण्याआधी एकदा तपासा.