इटालियन क्रियापदांवरचा आघात: या चुका टाळा

मराठीत ‘समजलं’ कुठल्याही अक्षरावर जोर देऊन म्हणा, अर्थ तोच राहतो. इटालियनमध्ये तसं नाही. ‘कापितो’ घ्या. जोर ‘का’वर पडला तर ‘मी अचानक येऊन टपकतो’, ‘पि’वर पडला तर ‘समजलं’, ‘तो’वर पडला तर ‘घडलं’. लिहिताना फक्त तिसऱ्या रूपाच्या शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह देतात. पहिली दोन रूपं कागदावर हुबेहूब सारखी दिसतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते ‘ते’चं रूप. इटालियन शब्दाचा जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, हे सुरुवातीलाच कानावर पडतं. मग ‘पार्लानो’ म्हणजे ‘ते बोलतात’ म्हणताना ‘ला’ लांबवला जातो. जोर ‘पार’वरच हवा, ‘पार्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’मध्ये जिथे आहे तिथेच. वर्तमानकाळात तो पुढे सरकतो फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत: पार-ल्या-मो, पार-ला-ते, दोन्हीकडे मधल्या अक्षरावर. म्हणून ‘ते फोन करतात’ हे ‘ते-ले-फो-ना-नो’, जोर ‘ले’वर, शेवटून चौथ्या अक्षरावर! जीभ अडखळतेच. आधी ‘तेलेफोनो’, म्हणजे ‘मी फोन करतो’, चार-पाच वेळा म्हणा आणि जोर न हलवता शेवट बदला. याहून चांगला सराव मला माहीत नाही.

सर्वनामं चिकटली तरी हेच. ‘पोर्तामेलो’, म्हणजे ‘ते मला आणून दे’, यात जोर ‘पोर’वरून हलत नाही.

अक्षरं तोडताना देवनागरी साथही देते आणि फसवतेही. ‘कापिस्को’ म्हणजे ‘मला समजतं’ हे का-पि-स्को असंच तुटतं, कारण ‘स’ पुढच्या व्यंजनाबरोबर जातो. पण ‘पार्लो’ हे पा-र्लो नव्हे, पार-लो. ‘लेग्गो’ म्हणजे ‘मी वाचतो’ हे लेग-गो. वृत्तं शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं, तोच कान इथे लावा. द्वित्त हलकं उच्चारलं की काम बिघडतं. ‘पार्लेरेमो’ म्हणजे ‘आम्ही बोलणार’, ‘पार्लेरेम्मो’ म्हणजे ‘जमलं तर आम्ही बोलू’.

‘-एरे’ने संपणाऱ्या मूळ रूपांना मात्र सूत्र लावू नका. ‘वेदेरे’ (पाहणे) मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘प्रेन्देरे’ (घेणे) मध्ये पहिल्यावर, आणि नेहमीच्या लेखनात दोन्हींवर खूण नसते. चांगल्या शब्दकोशात ती असते. क्रियापद वहीत उतरवतानाच तीही उतरवून घ्या.