‘द बिग ओ’ बघायची तर अशी बघा

गेली अठरा वर्षं मी हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सवर आहे आणि राक्षसी रोबोंच्या जपानी मालिका त्याच्याही आधीपासून बघतोय. पडद्यावरचं लोखंड खरं वाटतंय की थर्माकोलचं, हे मला चटकन कळतं. ‘द बिग ओ’ या जपानी ॲनिमेटेड मालिकेतलं लोखंड खरं आहे. ही मालिका घाईघाईत बघून अर्ध्यात सोडणारे भेटले की जीव हळहळतो, म्हणून हे लिहितोय.

आधी खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. टीव्ही ‘व्हिव्हिड’ या भडक रंगांच्या सेटिंगवर असेल तर तेही काढा. काझुयोशी कातायामा यांचं दिग्दर्शन आणि केइइची सातो यांचं डिझाइन, दोन्ही काळ्या रंगावर उभं आहे. सनराइज या स्टुडिओनं त्याआधी अमेरिकेतल्या बॅटमॅनच्या ॲनिमेटेड मालिकेचे काही भाग केले होते, तो बसलेला हात इथे दिसतो. नायक रॉजर स्मिथच्या घरात सगळ्यांनी काळंच घालायचं असा नियम आहे. उजेडात बघाल तर सूट, गाडी आणि भिंत यांचा मिळून एकच डाग दिसेल.

गाव पॅराडाइम सिटी. चाळीस वर्षांपूर्वी तिथल्या सगळ्यांची स्मृती पुसली गेली. श्रीमंत घुमटाखाली राहतात, बाकीचे बाहेर. रॉजर निगोशिएटर आहे, म्हणजे पैसे घेऊन दोन पक्षांत मध्यस्थी करणारा. एवढं माहीत असलं की पुरे. बाकीचं आधी वाचू नका.

रात्री एकच भाग, फार तर दोन. सलग बघाल तर साचा उघडा पडतो आणि हीच हिची पहिली उणीव. रॉजरकडे काम येतं, तो शहरात फिरतो, भूतकाळातलं काहीतरी वर येतं आणि शेवटच्या काही मिनिटांत तो मनगटावरच्या घड्याळात बोलून बिग ओ या आपल्या राक्षसी रोबोला बोलावतो. कधीकधी गोष्टीला त्या मारामारीची गरजच नसते. शिवाय मध्यस्थ म्हणवणाऱ्या माणसाची बोलणी इतक्या वेळा फिसकटतात की त्याच्या धंद्यावरचा विश्वास डळमळतो. बेक नावाचा गुंड तर दुसऱ्याच कुठल्यातरी मालिकेतून आल्यासारखा वाटतो.

पण हेडफोन लावा आणि बिग ओचा ठोसा ऐका. आमच्या शॉपमध्ये मोठा प्रेस चालू केला की आधी पंपाचा आवाज चढतो, रॅम, म्हणजे दाब देणारा दांडा, मात्र क्षणभर जागचा हलत नाही. त्या क्षणभराच्या थांब्यातच वजन असतं. बिग ओचंही तसंच. हात उगारला जातो, हाताच्या मागचा भलामोठा पिस्टन मागे सरकतो, ठोसा बसतो आणि मग पिस्टन धाडकन पुढे येऊन आदळतो. म्हणजे एका ठोशात दोन दणके. ज्या कुणी हे काढलं, त्यानं मशीन जवळ उभं राहून बघितलेलं असणार असं मला प्रत्येक वेळी वाटतं. तोशिहिको साहाशी यांचं संगीतही घाई करत नाही. सॅक्सोफोन वाजतो तेव्हा चित्रातलं बाकी सगळं जरा थांबल्यासारखं होतं.

जपानी आवाजातच बघा. डोरोथी ही मुलगी अँड्रॉइड आहे, बोलते एकसुरी, चेहऱ्यावर रेघ हलत नाही, तरी राग आणि माया दोन्ही पोचतात. तिचा आवाज अकिको याजिमा यांचा. मूळ जपानी शिनचानचा आवाजही कित्येक वर्षं त्यांचाच होता, हे कळल्यावर मी पहिले दोन भाग पुन्हा ऐकले.

पहिल्या दोन भागांवर मत बनवू नका. निदान चौथ्यापर्यंत थांबा. त्यात जमिनीखाली उतरायला रॉजरचे पाय धजत नाहीत आणि अंगभर बँडेज गुंडाळलेला श्वार्झवाल्ड पहिल्यांदा भेटतो. हा पूर्वीचा बातमीदार, खऱ्याच्या मागे लागून जळालेला. आठवा भाग हरवलेल्या मांजराचा. तो एकट्यानं बघा, मध्ये फोन घेऊ नका.

तेराव्या भागानंतर मात्र आठवडाभर थांबाच. पहिलं पर्व 1999 च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सुरू झालं, ठरलेले 26 भाग कमी प्रेक्षकांमुळे 13 वर आले आणि गोष्ट ऐन उंबरठ्यावर तुटली. अमेरिकेत ती आवडली, म्हणून कार्टून नेटवर्कच्या भागीदारीत 2003 मध्ये उरलेले 13 आले. दुसऱ्या पर्वात चियाकी कोनाका यांचं लेखन कोडी घालत सुटतं. ॲलन गेब्रियलसारखा खलनायक फार किंचाळतो, शहराच्या गल्ल्या मागे पडतात आणि पहिल्या पर्वातला तो ओला, सिगारेटच्या धुरासारखा संथपणा विरतो. शेवट अनेकांना फसवणूक वाटतो. मला वाटत नाही, पण त्यात उत्तरं कमी आहेत हे खरं. ज्यांना प्रत्येक धागा बांधून हवा, त्यांनी तेराव्यालाच थांबावं, त्यात काही कमीपणा नाही.

पुढे गेलात आणि शेवटचा भाग संपला, तर टीव्ही बंद करू नका. लगेच पहिला भाग लावा आणि रॉजर शहराची ओळख करून देतो तेवढीच सुरुवात पुन्हा बघा.